औषध आणायला गेलेले उस्ताद

उस्तादांनी ढाबळीचे दार उघडले आणि सगळी कबुतरे सोडून दिली. दिवस मावळताना ती परत आली.

गल्लीतले लोक हसले. मी शेजारच्या ओट्यावर होतो आणि मला उस्तादांचा चेहरा दिसत होता, म्हणून मला हसू आले नाही. ख्रिस्ती व्हायचे मनात धरलेल्या माणसाने आपला शौक सकाळी आभाळात उधळून दिला होता, आणि संध्याकाळी तो शौक थव्याने येऊन त्याच्याच छपरावर बसला होता. दारूची बाटली फोडता येते, पत्ते चुलीत घालता येतात. पाळलेले कबूतर मात्र हाकलता येत नाही. कितीही लांब नेऊन सोडले तरी त्याला घर सापडते. उस्ताद वर बघत म्हणाले, "मास्तर, मी त्यांना सोडलं. पर त्यांनी मला कुठं सोडलंय?"

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी तेव्हा औरंगाबादेत मिशनच्या मराठी शाळेत शिकवत होतो आणि भडकल दरवाजाजवळ उस्तादांच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहत होतो. उस्तादांचा धंदा नालबंदाचा. टांग्याच्या घोड्यांना ते नाल ठोकत. पण 'उस्ताद' ही पदवी त्यांना नालांनी मिळवून दिली नव्हती, शिट्टीने दिली होती. उजव्या हाताची दोन बोटे जिभेखाली घालून ते शिट्टी मारत तेव्हा उभे घोडे कान टवकारत आणि आभाळात ठिपक्याएवढा झालेला थवा वळे.

कबूतरबाजीचा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन छपरांवरून दोन थवे उडवायचे, ते वर एकमेकांत मिसळू द्यायचे आणि मग आपापल्या शिट्टीने खाली बोलवायचे. ज्याच्या छपरावर परके पाखरू उतरले, त्याचे ते झाले. उस्तादांच्या अंगणात एक उंच बांबू होता आणि त्याच्या शेंड्याला आडव्या काड्यांची जाळी बांधलेली होती. तिला छत्री म्हणत. त्या छत्रीवर निम्म्या शहराची कबुतरे उतरून गेली होती. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी म्हणजे शहागंजचे मुनीरमियाँ, हिमरू कापडाचे विणकर. हरल्यावर ते स्वतः चालत येत, आपले गेलेले पाखरू शेवटचे कुरवाळत आणि म्हणत, "उस्ताद की सीटी बुलाती नहीं जी, हुकुम देती है हुकुम."

या हुकमाची किंमत घरातली माणसे देत होती. कबुतरांना बदाम कुटून दिले जात तेव्हा चुलीपाशी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असे. सकाळी थवा वर गेला की उस्ताद छपरावर, आणि नाल ठोकायला आलेला घोडा अंगणात तीन पायांवर ताटकळत उभा. उस्तादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खालून ओरडत, "आवं, घोडं म्हातारं झालं की हो उभ्या उभ्या!" वरून उत्तर यायचे, "आलो, आलो." ते 'आलो' दुपार टळल्यावर येई.

आणि मग ती गोष्ट घडली. ती मी लोकांकडून नंतर ऐकली, उस्तादांकडून त्याहून जास्त वेळा ऐकली. त्यांची मुलगी शांती तापाने फणफणली होती आणि तिच्या कानातून पू येत होता. वहिनींनी त्यांना छावणीतल्या मिशनच्या दवाखान्यात औषध आणायला पाठवले. बारापुल्ल्याच्या पुलावर ते पोचले आणि त्यांना वर एक पांढरी मादी दिसली. वाट चुकलेली, एकटी, उंच उडणाऱ्या गिरेबाज जातीची. उस्ताद तिच्या मागे खाम नदीच्या काठाने निघाले ते पाणचक्की ओलांडून बेगमपुऱ्यापर्यंत गेले. दिवस बुडता बुडता ती त्यांच्या खांद्यावर उतरली. घरी आले तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी औषधासाठी हात पुढे केला. उस्तादांनी सदऱ्यात हात घातला, कबूतर बाहेर काढले आणि हसून म्हणाले, "डोळा बघ की हिचा! माणिक हाय माणिक!"

पोरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळून वहिनी तशाच छावणीकडे चालू लागल्या. शांती वाचली. तिचा उजवा कान मात्र कायमचा गेला.

गावाला तोंड असते. बाजारातून कुणी रिकाम्या हाताने आला की आमच्या गल्लीत विचारत, "काय रे, औषध आणायला गेलावतास का?" उस्तादांच्या समोरही विचारत. उस्ताद हातोडा खाली ठेवत, ऐकून घेत आणि पुन्हा उचलत.

ते ख्रिस्ती मंडळीत कसे आले, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. वहिनींच्या मागोमाग ते दवाखान्यात पोचले होते आणि दाराशी उभे होते. "डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या ना मास्तर, तर मी शिव्या खाऊन घरी आलो असतो आन् सकाळी छपरावर गेलो असतो. पर त्या म्हणल्या, 'बसा. तुम्हीही दमलात.' मग पोरीच्या खाटेपाशी त्यांनी दुवा मागितली. पोरीचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आन् मग माझंबी घेतलं. मी लई दुवा मागितल्यात, पर कबुतरांसाठी. माझ्यासाठी कुणी मागितली नव्हती." पुढच्या रविवारी ते उपासनेला येऊन दाराशी, चपलांजवळ बसले. काही महिने तिथेच बसत राहिले.

कबुतरे सोडायला त्यांना कुणी सांगितले नव्हते. आमचे पाळकसाहेब समजूतदार होते. ते म्हणाले, "पाखरं पाळण्यात पाप नाही, उस्ताद." उस्ताद म्हणाले, "तुमच्यासाठी नाय. माझ्यासाठी हाय. तुमी माझ्यागत वर बघत नाय." त्यांनी दोन गोष्टी स्वतःशीच ठरवल्या. छपरावर चढायचे नाही आणि शिट्टी मारायची नाही.

सोडलेली कबुतरे परत आली तेव्हा त्यांनी ती मुनीरमियाँना देऊन टाकली. मुनीरमियाँनी पंख बांधून ती आपल्या ढाबळीत मुरवली. बहुतेक मुरली. ती पांढरी मादी मुरली नाही. पंख मोकळे झाले की ती भडकल दरवाजाकडे येई आणि बांबूवरच्या छत्रीवर बसून खाली बघत राही. मुनीरमियाँ तिला न्यायला येत आणि कुरकुरत, "क्या उस्ताद, तुम ईमान बदल लिए, ये तो बदलने कू तय्यार नहीं!"

एकदा वहिनींनी कोयता आणून बांबूला टेकवून ठेवला. उस्तादांनी कोयता हातात घेतला, बांबूवरून हात फिरवला आणि कोयता परत जागेवर नेऊन ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवस कलण्याची वेळ त्यांना सर्वांत जड जाई. शहरभर थवे खाली उतरत असत, चहूकडून शिट्ट्या ऐकू येत, आणि उस्तादांचा उजवा हात आपोआप तोंडाकडे जाई. मग तो हात ते डाव्या काखेत दाबून धरत. एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मास्तर, एक मेहरबानी करा. ह्या वक्ताला माझ्यापाशी बसत जा. काय तरी वाचा. मोठ्यानं वाचा." तेव्हापासून मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर बसून शुभवर्तमान वाचू लागलो. मला पुस्तकांची सवय होती, ऐकणाऱ्याची नव्हती. असा ऐकणारा मला पुन्हा मिळाला नाही.

पवित्र शास्त्रात कबुतरे फार आहेत, हे मला त्यांच्याबरोबर वाचताना कळले. महापुराची गोष्ट वाचली तेव्हा तारवातल्या म्हाताऱ्याने कोरडी जमीन शोधायला कबुतराच्या आधी कावळा सोडला, याचे त्यांना वाईट वाटले. "कावळा कशाला सोडला? कावळा काय घरी येतो? त्याला कुणी तरी सांगायला पायजे होतं." मंदिरात कबुतरे विकणाऱ्यांची आसने प्रभूने उलथून टाकली, हा भाग ऐकून ते म्हणाले, "आसनं उलथली ते बरं केलं. पर पिंजऱ्यातल्या पाखरांचं काय झालं पुढं?" मी म्हणालो, तसे काही लिहिलेले नाही. "लिहायला पायजे होतं," असे म्हणून त्यांनी विडी पेटवली.

प्रभूचा बाप्तिस्मा झाला आणि आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरला, हे वाचले त्या दिवशी मात्र त्यांनी विडी खाली ठेवली.

"कुणी बोलावलं त्याला?"

"कुणी नाही. आपणहून उतरला."

"दाणा दावला नाय?"

"नाही."

"शिट्टी?"

"नाही, उस्ताद."

आभाळात तेव्हा थवे फिरत होते. उस्तादांनी त्या दिवशी वर बघितले नाही. "शिट्टी न मारता उतरलं," ते स्वतःशीच म्हणाले. "आन् मी समदी उमर शिट्टी मारत राहिलो."

यावरून ते एका दमात सुटले, असे कुणी समजू नये. शौक हा पाहुण्यासारखा जात नाही. थंडीच्या दिवसांत शहागंज आणि बेगमपुरा यांच्यात मोठी लढत लागली, त्या दिवशी उस्ताद छपरावर चढले. शिट्टी मारली नाही, पण उतरलेही नाहीत. खाली भट्टीतले लोखंड पांढरे होऊन गेले. शांती अंगणातून हाका मारत होती आणि वहिनी तिला म्हणत होत्या, "नगं बोलवू. येतील तवा येतील." ते संध्याकाळी उतरले आणि त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या बैठकीत उभे राहून स्वतःच सगळे सांगून मोकळे झाले. पाळकसाहेब नंतर हळूच म्हणाले, "चारचौघांत सांगायची गरज नव्हती, उस्ताद." उस्ताद म्हणाले, "हाय. मनात ठेवलं तर ते तिथं अंडी घालतं."

बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की ते म्हणत, "आजून नाय." प्रभूची प्रार्थना मंडळी एका सुरात म्हणत असे. मोहातून सांभाळ, ही मागणी आली की उस्तादांचा आवाज सगळ्यांच्या वर जाई. लहान मुले त्या ओळीची वाट बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. मोठी माणसे खाली बघत. मला वाटते, ती ओळ त्या देवळात खऱ्या अर्थाने मागणारा तो एकच माणूस होता.

असे वर्ष गेले. शांतीचा उरलेला कान अधूनमधून दुखे आणि त्यासाठी दवाखान्यातून थेंबांची बाटली आणावी लागे. ती उस्ताद आणत, दुसऱ्या कुणाला आणू देत नसत. त्या दिवशी शांतीला पुन्हा ताप होता, कान सुजला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी दिवेलागणीच्या आत थेंब पडले पाहिजेत असे बजावले होते. मी सोबत गेलो होतो. परतताना आम्ही बारापुल्ल्याच्या पुलावर आलो तो तिथे गर्दी. टांगे थांबलेले, सगळ्यांची तोंडे वर. मधोमध मुनीरमियाँ, घसा बसलेला.

वर एक बहिरी ससाणा घिरट्या घालत होता. मुनीरमियाँचा थवा त्याने उधळून लावला होता. बाकीची पाखरे कुठे कुठे उतरली होती. पांढरी मादी तेवढी वर राहिली होती, खूप वर. दमून तिचे पंख वाकडे पडत होते. मुनीरमियाँच्या हाकेला ती येत नव्हती.

"उस्ताद! खुदा के वास्ते, एक सीटी!"

उस्ताद उभे राहिले. त्यांच्या डाव्या हातात बाटली होती. त्याच पुलावर, त्याच पाखरासाठी. टांगेवाल्यांनाही ती जुनी गोष्ट ठाऊक होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "चला, गेलं औषध." मी घाबरून हात पुढे केला. "बाटली माझ्याकडे द्या, उस्ताद. मी घरी पोचवतो."

"नाय मास्तर," ते म्हणाले. "ही माझ्याच हातात पायजे."

मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे तोंडात घातली.

वर्षभर कोंडलेली ती शिट्टी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकली. घोडे फुरफुरले. वरचा पांढरा ठिपका थबकला आणि दगड पडावा तसा सरळ खाली आला. ससाणा झेपावला तोवर ती उस्तादांच्या खांद्यावर होती, चोच उघडी टाकून धापा टाकत. पुलावर एकच ओरडा झाला. "वाह उस्ताद! वाह!" कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मुनीरमियाँच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी उस्तादांचा दंड धरला.

"पंख देखो ना इसका, उस्ताद. चलो मेरे कने. एक घडी बैठो. बस्स, एक घडी."

उस्तादांनी बोटाच्या पेराने तिची मान कुरवाळली. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होते ते मी तोवर पाहिले नव्हते. वर आभाळ मोकळे होते, समोर शहागंजचा रस्ता होता, आणि सगळा पूल त्यांना पुन्हा उस्ताद म्हणत होता. त्यांनी पाखराच्या लाल डोळ्यात बराच वेळ पाहिले. मग ते दोन्ही हातांनी नव्हे, एकाच हाताने उचलून मुनीरमियाँच्या हातात ठेवले.

"पंख सलामत है. पानी पिलाव," ते म्हणाले. "मेरेकू घर जाना है, मियाँ. बच्ची का कान दुखरा."

आणि ते चालू लागले. त्यांना गाठायला मला धावावे लागले.

बातमी टांग्याने आमच्या आधी गल्लीत पोचली होती. उस्तादनं शिट्टी मारली, एवढीच. वहिनी दारात उभ्या होत्या. वर्षभरात जे काही जमले होते ते सगळे विस्कटले, असे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. मागच्या खेपेला तो पुढे करून बघितला होता.

उस्तादांनीच त्यांचा हात धरला आणि तळव्यावर बाटली ठेवली.

वहिनींनी बाटली उजेडाकडे धरली, झाकण बघितले, आतले थेंब बघितले. "आणलं व्हय," त्या म्हणाल्या. आणि आत वळून त्यांनी शांतीला मांडीवर घेतले. दिवा अजून लागायचा होता.

मंडळीतले एक पंच मात्र नाराज होते. वर्षभराचा नेम मोडला, असे त्यांचे म्हणणे. रविवारी पाळकसाहेबांनी उस्तादांना विचारले, "तुम्हाला काही सांगायचे आहे का?" उस्ताद उठले. ते चपलांजवळच बसलेले होते.

"मागल्या बारीला औषध आणायला गेलो, कबूतर घेऊन आलो," ते म्हणाले. "ह्या बारीला औषध आणायला गेलो, औषध घेऊन आलो." ते बसायला लागले, पण पुन्हा उभे राहिले. "वर्सभर मी शिट्टी मारली नाय, तवा हात काखेत बांधलेला व्हता. परवा हात सुटला, शिट्टी मारली, आन् मी घरीच आलो. सोडवणारा मी नव्हं. मी मला लई बारी सोडून बघितलंय, मी परत येतो. हे त्यानं केलं." त्यांनी बोट वर केले. "आता पाणी द्यायचं तर द्या, पाळकसाहेब."

पंच खाकरले. त्या महिन्यात उस्तादांचा बाप्तिस्मा झाला. वेशीवरच्या वेड्यालाही माहीत असलेले उस्ताद हे नाव बदलायचे कुणाच्या मनात आले नाही. मुनीरमियाँ बाहेर फाटकापाशी उभे होते. उपासना संपल्यावर त्यांनी उस्तादांना मिठी मारली आणि विचारले, "अब तो आसमान देखने की इजाजत है ना?" उस्ताद म्हणाले, "हौ. अब है."

आणि ते खरेच बघत. त्यानंतर संध्याकाळी मी वाचायला बसत असे ते सवयीने. त्यांना गरज उरली नव्हती. पांढरी मादी अधूनमधून बांबूवर येऊन बसे. उस्ताद भाकरीचा तुकडा मोडता मोडता वर बघत, तिच्या पंखांविषयी काही बोलत आणि तुकडा तोंडात घालत. घोडा आला की उठत. मी पुढे अनेक शहाणी माणसे पाहिली, मोहावर बोलणारी आणि लिहिणारी. पण मोह समोर बसलेला असताना निवांत जेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा शेजारी होता, हे मी अभिमानाने सांगतो. काही वर्षांनी ती मादी यायची बंद झाली. त्या वर्षी नाताळात उस्तादांनी छत्री उतरवली आणि बांबूच्या शेंड्याला कागदाची चांदणी लावली. "उभाच हाय तर कामाला लावू," ते म्हणाले.

निजामाचे राज्य गेले. मुनीरमियाँ गेले, त्यांच्या जनाज्याला उस्तादांनी खांदा दिला. वहिनी गेल्या. यंदा उस्ताद गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना कमी ऐकू येई, म्हणून प्रार्थना मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत असे. ती मोहाची ओळ आली की पूर्वी ते आवाज चढवत, तिथे आता ते नुसते हसत.

मी आता संध्याकाळी वाचतो ते मनातल्या मनात. भडकल दरवाजाजवळच्या त्या अंगणात बांबू अजून उभा आहे. नाताळात शांती त्यावर चांदणी चढवते. बाकीचे वर्षभर तो रिकामा असतो.